रानडुकराचा धनी कोण ?

आम्ही वकिली करीत असतां विदर्भांतील एका तालुक्याच्या कोर्टांत पाहिलेली ही गोष्ट आहे. अडीच एकरांचा धनी असा एक शेतकरी आरोपी म्हणून उभा होता. भुईमुगाच्या वावरांत रात्रीं शिरलेलें एक रानडुक्कर त्यानें व त्याच्या भावानें कुऱ्हाडीनें मारलें आणि त्याचें मांस शेजारच्या चार घरीं वांटलें, एवढाच त्याचा अपराध. पंचनामा झाला, चुलीवरचें शिजलेलें मांससुद्धां जप्त झालें, आणि मारलेलें जनावर ही सरकारची मालमत्ता होय असें सरकारी वकिलांनीं कायद्याचें कलम वाचून सांगितलें. तें ऐकून आरोपी आमच्याकडे वळला आणि हलक्या आवाजांत म्हणाला, "वकीलसायेब, डुक्कर सरकारचं, मंग त्यानं खाल्ला तो भुईमूंग कोनाचा ?" कोर्टांत असल्या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें नसतें, म्हणून आम्हींही त्या वेळीं दिलें नाहीं. परंतु शिकारीस कायद्यांत जागा असावी कीं नसावी या सध्यांच्या वादाचें बीज त्या एका प्रश्नांत आहे असें आमचें मत असल्यामुळें आज त्याचा विचार करण्याचें योजिलें आहे.

शिकार हा शब्द उच्चारतांच सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढें हत्तीवर बसलेला संस्थानिक, शेजारीं टोपीवाला पाहुणा आणि खालीं ओळीनें मांडलेलीं वाघांचीं कलेवरें असें चित्र उभें राहतें, आणि त्याचा त्यास तिटकारा आला तर त्यांत नवल नाहीं. भरतपूरच्या तळ्यावर १२ नोव्हेंबर १९३८ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या मेजवानीखातर एका दिवसांत ४,२७३ पक्षी पाडण्यांत आले. सरगुजाच्या महाराजांनीं आपण अकराशेंहून अधिक वाघ मारल्याचें स्वतःच लिहून कळविलें होतें. कोरियाच्या महाराजांनीं १९४७ सालीं मारलेले तीन चित्ते या देशांतील शेवटचे म्हणून गणले जातात, आणि १९५२ सालीं चित्ता हिंदुस्थानांतून नष्ट झाल्याचें सरकारानेंच जाहीर केलें. पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा एक कायदा इंग्रज सरकारानें १९१२ सालीं केला होता, नाहीं असें नाहीं. परंतु ज्यांच्या हातीं त्याची अंमलबजावणी तेच साहेब सुटीच्या दिवशीं हाका घालावयास निघत, मग तो कायदा पाळणार कोण? या मंडळींच्या हातून बंदूक काढून घेणारा १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला तो योग्यच झाला. त्या सालच्या मोजणींत वाघ १,८२७ भरले होते. २०२२ सालचा अंदाज ३,६८२ आहे. मोजण्याची रीत मधल्या काळांत पार बदलली असल्यामुळें हे दोन आंकडे एका तागडींत घालतां येत नाहींत, तरी वाघ वाढला याविषयीं वाद नाहीं. गीरच्या सिंहांची गोष्टही तशीच. जुनागडच्या नबाबांनीं त्यांस अभय दिलें नसतें तर २०२५ सालच्या गणतींत ८९१ सिंह कोठून सांपडते ? तेव्हां बंदीनें कांहींच साधत नाहीं असें म्हणणाऱ्यांत आम्ही नाहीं.

परंतु जुन्या शिकारगाहींतील एक गोष्ट त्यांचा द्वेष करणाऱ्यांनींही लक्षांत घेण्यासारखी आहे. कोल्हापूर दरबारचें दाजीपूरचें राखीव रान १९५८ सालीं गव्यांचें अभयारण्य झालें. भरतपूरचें तळें १९८२ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें. अभयारण्य करण्याजोगें रान आणि पांखरें तेथें शिल्लक राहिलीं होतीं, कारण त्यांत राजाचा स्वार्थ होता. स्वार्थ होता तो मात्र एकट्या राजाचा. प्रजेच्या वांट्यास हाक्याची वेठ आणि उभ्या पिकाची नासाडी एवढेंच येत असे. पुढें राजा गेला, त्याच्या जागीं खातें आलें. पण गांवाच्या वांट्यास पूर्वीं जें येत होतें तेंच आजही येत आहे. फरक इतकाच कीं, वेठ गेली.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. १९७२ च्या मूळ कायद्यांत परवाना घेऊन करावयाच्या शिकारीस जागा होती. १९९१ च्या दुरुस्तीनें ती काढून टाकण्यांत आली, आणि शिकार ही सरसकट निषिद्ध झाली. त्यास मुख्य अपवाद राहिले ते दोन. ११ व्या कलमाखालीं, एखादें जनावर माणसाच्या जिवास, आणि दुसऱ्या परिशिष्टांतील जनावर असल्यास उभ्या पिकासही, धोक्याचें झालें आहे अशी खात्री पटली म्हणजे मुख्य वन्यजीव रक्षकानें किंवा त्यानें अधिकार दिलेल्या अंमलदारानें कारणें नमूद करून तें मारण्याची परवानगी द्यावी, हा एक. आणि ६२ व्या कलमाखालीं, मध्यवर्ती सरकारानें एखाद्या जातीस अमुक मुलखांत अमुक मुदतीपुरतें उपद्रवी म्हणून जाहीर करावें, म्हणजे त्या मुदतीपुरतें तें कोणींही मारावें, हा दुसरा. २०२२ च्या दुरुस्तीनें परिशिष्टांची मांडणी बदलली, पण ही चौकट कायम आहे. याच्या जोडीस ३९ वें कलम आहे. त्याअन्वयें ११ व्या कलमाखालीं मारलेलें, बेकायदा मारलेलें किंवा मेलेलें सांपडलेलें वन्य जनावर राज्य सरकारचें होतें.

या कलमांचा एकत्र अर्थ लावला तर असें दिसतें कीं, आमच्या कायद्यास जनावराच्या दोनच अवस्था ठाऊक आहेत : एक पूर्ण अभयाची, आणि दुसरी पूर्णपणें कायद्याबाहेर हांकलून दिल्याची. एकींत गांवानें त्याकडे हात जोडून पाहत राहावें. दुसरींत त्याची गणती नाहीं, हंगाम नाहीं, नर-मादीचा भेद नाहीं, पिलाची दया नाहीं. मधली जी अवस्था, म्हणजे मोजून, मुदत ठरवून, जबाबदार माणसाच्या हातून आणि हिशेब ठेवून मारणें, तिचें नांव आमच्या कायद्यांत १९९१ पासून उरलेलें नाहीं. वास्तविक ही मधली अवस्था आम्हांस परकी नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सूनाध्यक्षाचें प्रकरण आहे. अभयवनांतील पशुपक्षी व मत्स्य यांस मारणाऱ्यास तेथें उत्तम दंड सांगितला आहे. पण ज्यांस अभय दिलेलें नाहीं व ज्यांचा वध रूढ आहे त्यांवर सहावा हिस्सा कर घ्यावा असेंही तेथेंच सांगितलें आहे, आणि जिवंत धरलेल्या पशुपक्ष्यांपैकीं सहावा हिस्सा अभयवनांत सोडून द्यावा असेंही. दोन हजार वर्षांपूर्वींच्या त्या तरतुदींत शिकारीच्या उत्पन्नांतूनच अभयारण्याची भर करण्याची युक्ति आहे ! आमच्यांतील जुन्या ग्रंथांचा अभिमान मिरविणाऱ्या मंडळींनीं हें प्रकरण एकदां उघडून पाहावें.

हीच युक्ति अमेरिकेनें गेल्या शतकांत वेगळ्या रीतीनें अंमलांत आणली, आणि ती आमच्या व्यापारी वाचकांस चटकन् पटेल. एकोणिसाव्या शतकांत त्या देशांत शिकार हा बाजारी धंदा होता. कोट्यवधि रानरेडे चामड्यासाठीं मारून ते हजाराच्या आंत आणून ठेवले गेले. आकाश झांकून टाकणाऱ्या थव्यांनीं उडणारा प्रवासी पारवा बाजारांत विकला जाऊन जाऊन संपला, आणि त्या जातीची शेवटची मादी १९१४ सालीं सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयांत मेली. मुद्दल खाऊन बसलेल्या पेढीची जी गत तीच. तेव्हां शुद्धीवर येणाऱ्यांत खुद्द शिकारी होते. थिओडोर रूझवेल्ट यांनीं व त्यांच्या मित्रांनीं १८८७ सालीं शिकाऱ्यांचाच एक क्लब काढून रक्षणाची चळवळ आरंभिली. १९०० सालच्या लेसी कायद्यानें बेकायदा मारलेल्या जनावराचा एका संस्थानांतून दुसऱ्यांत व्यापार करणें गुन्हा ठरला. १९३४ सालीं बदकांची शिकार करणाऱ्या प्रत्येकास एक डॉलरचें तिकीट घेणें सक्तीचें झालें व त्या पैशांतून पाणथळ जागा विकत घेण्यांत येऊं लागल्या. (त्या पहिल्या तिकिटाचें चित्र एका वर्तमानपत्राच्या व्यंगचित्रकारानें काढलें होतें, हें आमच्या धंद्यास भूषणावह आहे.) आणि २ सप्टेंबर १९३७ रोजीं पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. बंदुका व काडतुसें यांवर विक्रीच्या वेळीं जो शेंकडा १०-११ कर बसतो तो दुसरीकडे न जातां वन्य प्राण्यांच्या कामींच खर्चावा, असें त्यानें ठरविलें. त्यांतील खरी खुबी निराळीच आहे. शिकारीच्या परवान्याची फी जें संस्थान दुसऱ्या कामीं वळवील त्यास या निधींतील वांटा मिळावयाचा नाहीं, अशी अट त्यांत आहे. आमच्याकडे एका कामासाठीं गोळा केलेला पैसा दुसऱ्याच कामीं जातो ही रड नेहमींचीच असल्यामुळें या अटीचें मोल आम्हांस अधिक वाटतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्या देशांत पांढऱ्या शेपटीचीं हरणें सुमारें पांच लाख उरलीं होतीं. आज तीं सुमारें तीन कोटि आहेत, आणि दरसाल लाखों मारलीं जात असतांही आहेत. नुसत्या व्याजावर हात ठेवला तर मुद्दल वाढतें, हें सावकारीचें सूत्र रानासही लागू आहे. मात्र मारलेल्या जनावराचें मांस घरीं खावें, बाजारांत विकूं नये, हा नियम त्या देशानें पारव्याच्या मरणापासून शिकून कडकपणें पाळला आहे, हें विसरूं नये.

अमेरिका श्रीमंत व विस्तीर्ण आहे, तिचा दाखला आम्हांस काय कामाचा, असें कोणी म्हणेल. तर मग शेजारच्याच पाकिस्तानांतील बलुचिस्तानच्या तोरघर डोंगराकडे पाहावें. तेथें मारखोर म्हणून मळसूत्री शिंगांचा रानबकरा आहे. अफगाणिस्तानांतील युद्धामुळें त्या मुलखांत घरोघर नव्या बंदुका आल्या, आणि १९८० नंतरच्या चार-पांच वर्षांत त्या डोंगरावर मारखोर शंभराच्या आंत उरला असा अंदाज होता. सरकारचा हुकूम तेथवर पोंचत नव्हता. तेव्हां तेथील पठाण टोळ्यांच्या पुढाऱ्यांनीं लोकांस शिकार सोडावयास लाविलें आणि जे पट्टीचे शिकारी होते त्यांसच पगार देऊन राखणदार नेमलें. पगाराचा पैसा आला तो दरसाल मोजके म्हातारे नर मारण्याचा परवाना परदेशी शिकाऱ्यांस विकून. १९९४ च्या पाहणींत मारखोर सातशेंच्या घरांत भरला आणि २०११ पर्यंत तो तीन हजारांच्या वर गेल्याचा अंदाज आला. १९९७ सालीं हरारे येथें भरलेल्या वन्य व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें साऱ्या पाकिस्तानास वर्षास सहा मारखोरांची मर्यादा घालून दिली, पुढें ती बारावर नेली. या बारांच्या परवान्यांतून येणाऱ्या रकमेपैकीं शेंकडा ८० तेथील गांवांस व शेंकडा २० सरकारास मिळतात. उत्तरेकडील गिलगिटच्या डोंगरांत एका परवान्याची बोली एक लाख डॉलरांच्या वर गेलेली आहे. २०१५ सालीं मारखोराची जात 'संकटग्रस्त' या वर्गांतून वर काढण्यांत आली. पाकिस्तानच्या राज्यकारभाराचे आम्ही चाहते आहों असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु शेजाऱ्यानें चांगलें केलें तर तें पाहावयास डोळे मिटण्याचें कारण नाहीं. ज्या गुराख्यास पूर्वीं एका मारखोरापासून एका दिवसाचें मांस मिळत होतें, त्यास आतां तो जिवंत राहिल्यानें शाळा, दवाखाना आणि पाण्याची टांकी मिळूं शकते. म्हणून तो त्याची राखण करितो.

तथापि रानडुकराचा प्रश्न मारखोराच्या उलट आहे. मारखोर थोडा होता व वाढवावयाचा होता. रानडुक्कर पुष्कळ आहे, आणि त्यास पाहावयास किंवा मारावयास लाख डॉलर देणारा कोणी येणार नाहीं. येथें जर्मनीचें उदाहरण अधिक जवळचें. त्या देशांत १८४८ च्या क्रांतीपर्यंत दुसऱ्याच्या शेतांत शिकार करण्याचा हक्क सरदार-जमीनदारांचा होता. शेतकऱ्यानें आपल्या पिकांतील डुक्कर हांकलें तरी गुन्हा. क्रांतीनें तो हक्क मोडून जमिनीस जोडून दिला. आज तेथें ज्याची जमीन सलग ७५ हेक्टरांची आहे त्याचा शिकारीचा हक्क स्वतंत्र. लहान शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून गांवाची शिकारसंस्था बनते, व ती आपला हक्क ठराविक वर्षांच्या करारानें भाड्यानें देते. भाडें शेतकऱ्यांचें, आणि डुकरांनीं व हरणांनीं पिकाची नासाडी केली तर भरपाई देण्याची जबाबदारी त्या संस्थेची, जी बहुधा करारानें शिकारीच्या अंगावर टाकलेली असते. शिकार करूं इच्छिणाऱ्यास आधीं जनावरांची ओळख, रोग, कायदा व नेमबाजी यांची परीक्षा उतरावी लागते. कायद्याच्या दृष्टीनें ही रचना आम्हांस फार सुंदर वाटते. जो हक्क उपभोगतो तोच नुकसानही भरतो. आणि आमच्या अशिलाच्या प्रश्नाचें उत्तर त्या देशाच्या कायद्यांत लिहिलेलें आहे. आम्ही प्रामाणिकपणें हेंही सांगितलें पाहिजे कीं, जर्मनींत दरसाल लाखों रानडुकरें मारलीं जात असतांही तीं कमी झालेलीं नाहींत. मक्याचीं विस्तीर्ण शेतें आणि सौम्य हिवाळे त्यांस मानवले आहेत. तेव्हां बंदुकीनें डुक्कर नाहीसें होईल अशी आशा कोणी बाळगूं नये. नुकसान कोणी सोसावें याचा निवाडा मात्र होतो.

आतां आमच्याकडे काय चाललें आहे तें पाहावें. कागदावर शिकार बंद आहे. प्रत्यक्षांत वावराभोंवतीं तार ओढून तींत रात्रीं विजेचा प्रवाह सोडावयाचा, कणकेच्या गोळ्यांत गांवठी बॉम्ब घालून तो धुऱ्यावर ठेवावयाचा, किंवा फास लावावयाचा, हे प्रकार खेडोपाडीं चालू आहेत. तारेस डुक्कर चिकटतें तसा वाघही चिकटतो, बिबट्याही चिकटतो, आणि अंधारांत पाणी द्यावयास निघालेला शेजारीही चिकटतो. २०२० सालीं केरळांत एक गाभण हत्तीण फळांत भरलेल्या दारूगोळ्यानें तोंड फुटून मेली, तेव्हां साऱ्या देशानें अश्रु ढाळले. पण तो गोळा हत्तीसाठीं ठेवलेला नव्हता, रानडुकरासाठीं ठेवलेला होता, इकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. सन्मान्य शिकारीस जेथें दार बंद असतें तेथें चोरटी हत्या खिडकींतून शिरते. तींत हंगाम नाहीं, नेम नाहीं, जखमी जनावराचा माग काढून त्याची सुटका करण्याचें कर्तव्य नाहीं.

सरकारनें कांहींच केलें नाहीं असें नव्हे. महाराष्ट्र सरकारानें २०१५ सालीं रोही व रानडुक्कर मारण्याच्या परवानगीची रीत ठरवून दिली. परंतु ज्याचें पीक रात्रींतून जातें त्यानें अर्ज करावा, परवान्याची वाट पाहावी, आणि परवाना आला तरी बंदूक कोणाची, काडतूस कोणाचें, नेम कोणाचा ? एवढें करून मेलेलें जनावर सरकारजमा. नुकसानीची भरपाई आहे, पण तीस पंचनामा पाहिजे, आणि पंचनाम्यास येणाऱ्या माणसाकडे वीस-वीस गांवें असतात. अलीकडे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें पोपटांनीं केलेल्या डाळिंबाच्या नुकसानीचीही भरपाई सरकारानें दिली पाहिजे असा निकाल दिला, तो स्वागतार्ह आहे. परंतु तें नुकसान २०१६ सालचें होतें. बिहारांत दुसऱ्या टोकाचा प्रयोग झाला. तेथें डिसेंबर १९१५ मध्यें नव्हे, २०१५ मध्यें (असली आज्ञा शंभर वर्षांपूर्वींची वाटावी म्हणून तारीख नीट सांगितली) कांहीं जिल्ह्यांत रोही व रानडुक्कर यांस उपद्रवी ठरविण्यांत आलें, आणि २०१६ च्या जूनमध्यें मोकाम्याच्या परिसरांत बाहेरून आणविलेल्या नेमबाजांनीं दोनशेंहून अधिक रोही मारले. मध्यवर्ती मंत्रिमंडळांतील दोन मंत्र्यांचें त्यावरून उघड भांडण जुंपलें. भूतदयावादी मंडळींनीं त्या प्रकारास कत्तल म्हटलें. त्यांचा शब्द आम्हांस चुकीचा वाटत नाहीं. गांवाचा त्यांत हात नव्हता, हिस्सा नव्हता, आणि पुढील वर्षीं किती राहावे याचा विचार नव्हता. ६२ व्या कलमांतून याहून दुसरें कांहीं निघणेंही शक्य नाहीं.

या सूचनेवर जे आक्षेप येतात त्यांतील एक आम्ही वजनदार समजतों. शिकारीचे परवाने सुरू झाले म्हणजे लांच सुरू होईल, एका परवान्यावर दहा जनावरें मरतील, आणि परवान्याच्या आडून चितळ-सांबर कापलें जाईल. हें भय खरें आहे. २०१५ सालीं झिंबाब्वेंत सेसिल नांवाच्या सिंहास आमिष दाखवून अभयारण्याच्या हद्दीबाहेर आणून एका अमेरिकन दंतवैद्यानें मारलें, त्याचा जगभर गवगवा झाला. पैसा फार आणि देखरेख थोडी असली म्हणजे काय होतें याचा तो मासला आहे. पण नुसती बंदी म्हणजेही देखरेख नव्हे. केनिया देशानें १९७७ सालीं शिकार बंद केली. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत तेथील वन्य प्राणी सरासरीनें शेंकडा ६८ नीं घटले असें अभ्यासकांनीं मांडलें आहे. सगळा दोष बंदीचा नाहीं. गुरें वाढलीं, शेती वाढली, कुंपणें वाढलीं. तथापि बंदी त्यांस थांबवूं शकली नाहीं, हें निश्चित. आमच्या सारिस्काच्या रानांत बंदी होती, खातें होतें, चौक्या होत्या, आणि तरीही २००५ सालीं तेथें एक वाघ उरला नसल्याचें उघडकीस आलें.

अहिंसेच्या तत्त्वावर जे आक्षेप घेतात त्यांच्याविषयीं आम्हांस आदर आहे, विशेषतः राजस्थानांतील बिष्णोई लोकांसारखे जे स्वतःच्या शेतांत काळविटास चरूं देतात त्यांच्याविषयीं. त्यांनीं दिलेलें अभय त्यांच्या स्वतःच्या धान्यांतून दिलेलें आहे. शहरांत राहून, दुसऱ्याच्या भुईमुगावर अभयदान करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांनीं निदान त्या भुईमुगाची किंमत तरी धाडावी.

आमच्या सूचनेची मर्यादा आम्ही स्पष्ट सांगतों. वाघ, बिबट्या, गवा, काळवीट, माळढोक यांपैकीं कोणासही हात लागूं नये. अभयारण्यांत तर कोणत्याच जनावरास नाहीं. प्रश्न फक्त अभयारण्याबाहेरच्या शेतशिवारांतील रानडुक्कर व रोही यांचा. त्यांची गणती दरसाल व्हावी, आणि ती खात्यानें एकट्यानें न करितां ग्रामसभेनें व शेजारच्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं मिळून करावी. त्या गणतीवरून किती मारावयाचे तो आंकडा ग्रामसभेंत वाचून दाखवावा. मादी लेंकुरवाळी असण्याचा काळ वगळावा. मारावयाचें तें परीक्षा उतरलेल्या परवानेदारानें बंदुकीनेंच. वीज, बॉम्ब व फास यांस आजच्याहून कडक शिक्षा असावी. पशुवैद्यानें तपासलेलें मांस त्या गांवांतच वांटलें जावें. तें बाजारांत येऊं देऊं नये. आमच्या व्यापारी वाचकांनीं यावर रागावूं नये, प्रवासी पाऱव्याची हकीकत आम्ही वर सांगितलीच आहे. आणि ज्या गांवांत आंकड्याबाहेरची हत्या उघडकीस येईल त्या गांवाचा हक्क पुढील वर्षीं बंद ठेवावा, म्हणजे चोराची राखण शेजारीच करील.

हें परीक्षा उतरलेले लोक आणावयाचे कोठून ? आमच्या डोळ्यांपुढें फासेपारधी येतात. जनावराचा माग, वारा व वेळ यांचें ज्ञान त्यांच्याइतकें महाराष्ट्रांत दुसऱ्या कोणास नसेल. इंग्रज सरकारानें १८७१ सालीं कायदा करून जातीच्या जाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या; तो कलंक १९५२ सालीं कायद्यानें पुसला, आणि वीसच वर्षांनीं दुसऱ्या कायद्यानें त्यांचा धंदाच गुन्हा झाला. संस्थानिकाची बंदूक गेली तरी त्याचा वाडा राहिला. पारध्याचें जाळें गेलें तेव्हां त्याच्याजवळ दुसरें कांहीं नव्हतें. तोरघरच्या डोंगरावर जुन्या शिकाऱ्यास राखणदार केलें, तसें येथें कां करूं नये ?

गांवाच्या हातीं रान देण्याचें नांव काढलें कीं, खात्याच्या अंमलदारांस घाम फुटतो. पण गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गांवाची हकीकत त्यांस ठाऊकच आहे. तेथील वेळू हा खात्याचा कीं गांवाचा, यावर किती तरी वर्षें तंटा चालला. २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं गांवाचा सामुदायिक हक्क मान्य झाला, २०११ च्या एप्रिलांत वेळू वाहून नेण्याच्या पासांचें पुस्तक गांवाच्या हातीं आलें, आणि गांवानें वेळू विकला तरी रान उजाड झालें नाहीं. त्याच वनहक्क कायद्यानें वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेस दिला आहे. शिकारीचा परंपरागत हक्क मात्र त्यानें स्पष्टपणें वगळला आहे. म्हणजे राखावयाचें गांवानें, आणि मालकी सरकारची ! पुण्याचे प्रख्यात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनीं बंदीच्या या कायद्यावर जो कडक हल्ला चढविला होता, त्यांतील प्रत्येक शब्द आम्हांस मान्य नाहीं. पण प्राणी सरकारचे आणि नुकसान लोकांचें ही वांटणी टिकणारी नाहीं, हें त्यांचें सूत्र निर्विवाद आहे.

यासाठीं दिल्लीची वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. वन्य पशुपक्ष्यांचें रक्षण हा विषय १९७६ च्या घटनादुरुस्तीनें समवर्ती सूचींत गेला आहे. राज्याच्या विधिमंडळानें ११ व ३९ या कलमांस आपल्या राज्यापुरती दुरुस्ती संमत करावी आणि २५४ व्या अनुच्छेदाअन्वयें तीस राष्ट्रपतींची संमति मागावी, हा मार्ग खुला आहे. केरळ सरकारानें २०२२ सालीं ग्रामपंचायतींच्या अध्यक्षांकडे रानडुक्कर मारण्याचा हुकूम देण्याचा अधिकार सोंपविला, आणि २०२५ सालीं तेथील विधानसभेनें दुरुस्तीचें विधेयकही संमत केलें. त्यांत गणतीची व गांवाच्या हिश्शाची व्यवस्था आमच्या मतें अपुरी आहे. महाराष्ट्रानें विधेयक आणावें तें या दोन कलमांसह आणावें. विदर्भ-मराठवाड्याच्या आमदारांपैकीं कोणी तें मांडावयास तयार असतील तर मसुदा करण्याचें काम आम्ही विनामूल्य करूं.